हौदातली पाहुणी

आमच्या घरी कंबरभर पाण्याचा एक हौद होता आणि त्याच्याबद्दल हुबळीच्या विद्यानगरात अजून बरंच काही बोललं जातं. कुणी म्हणतं मी घरात पोहायचा तलाव बांधला, कुणी म्हणतं मला पैसा जड झाला, आणि पाणीखात्याच्या दप्तरात तर मी विनापरवाना विहीर खोदणारा इसम आहे. यातलं काहीच खरं नाही. जे खरं आहे ते पटायला याहून अवघड असल्यामुळं मी आजवर गप्प बसलो. पण परवा आमच्या भांड्यांच्या दुकानात एका बाईंनी स्टीलचा डबा घेताना मला गंभीरपणे विचारलं, यात पाणी आपोआप तर साचत नाही ना. तेव्हा ठरवलं, एकदा सगळं सांगून मोकळं व्हायचं.

सुरुवात झाली माझ्या बायकोच्या गुडघ्यांपासून. चौऱ्याऐंशी साली मंगलाचे गुडघे असे काही धरले की ज्या बाईनं सगळा बाजार पायी पालथा घातला तिला फाटकापर्यंत जायलाही भिंत लागू लागली. धारवाडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, रोज कोमट, हलत्या पाण्यात कंबरेपर्यंत बसवा. पाणी अगदी स्वच्छ पाहिजे. हे जमलं नाही, तर वर्षभरात बाई खुर्चीत बसतील त्या उठणार नाहीत. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण मंगलाचे कान गुडघ्यांपेक्षा चांगले होते. घरी येताना बसमध्ये तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. मला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की मी काहीतरी बांधायला काढतो.

आमचा धंदा भांड्यांचा. पाणी ज्या ज्या वस्तूत राहतं ती प्रत्येक वस्तू आमच्या घराण्यानं विकली आहे, त्यामुळं पाण्यातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. न्हाणीघराला लागून मी हौद बांधून घेतला. पांढऱ्याशुभ्र फरशा, बसायला पायरी, पाणी तापवायला बंब, पाणी हलतं ठेवायला छोटा पंप. पण माझा खरा जीव होता तो फिल्टरवर. लोखंडी पिंपात खाली गोटे, वर कोळसा, त्यावर नदीची वाळू. हौदातलं पाणी पंपानं पिंपात जायचं, वाळूतून गाळून निघायचं आणि स्वच्छ होऊन परत हौदात यायचं. हुबळीचा नळ तेव्हा मनात आलं तर यायचा. माझ्या योजनेत नळाची गरजच नव्हती. एकदा भरलेलं पाणी कायम फिरत राहणार. ही योजना मी येणाऱ्या प्रत्येक माणसाला समजावून सांगत असे. पोस्टमननं नंतर आमची पत्रं कुंपणावरून टाकायला सुरुवात केली.

हौद तयार झाला तो नेमका दिवाळीच्या तोंडावर. आमच्या भागात नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरायचा सण असतो. न्हाणीतला हंडा घासूनपुसून त्यावर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल गुंडाळायची, ताजं पाणी भरायचं आणि गंगेला बोलावून तिची पूजा करायची. कानडी घरांत करतात तसं आम्हीही वर्षानुवर्षं करत आलोय. शेजारच्या शांतक्का हे सगळं बघायला आल्या आणि म्हणाल्या, हंड्याला मान आणि एवढ्या मोठ्या हौदाला नाही, हे बरं दिसत नाही. मग त्यांनी माझ्या नव्या कोऱ्या फरशांवर पट्टे ओढले, ते मी सोसलं. पंपाला वेल गुंडाळली, तेही सोसलं. हौदाच्या कडेला दिवा ठेवून त्यांनी ओवाळलं आणि पाण्याकडं बघून शेजारणीला हाक मारावी तशा म्हणाल्या, "बा तायी, इदु निन्न मनी." ये आई, हे तुझंच घर.

पंप बंद होता. तरी हौदाच्या मधोमध एक वलय उठलं आणि सावकाश कडेपर्यंत आलं. दिवा जरा कलला. मी म्हणालो, कुठंतरी गळती असणार.

दुसऱ्या दिवशी मंगलानं पहिल्यांदा हौदात बसून अभ्यंगस्नान केलं. शांतक्का फराळाचं ताट घेऊन आल्या त्या थेट न्हाणीत गेल्या आणि मला म्हणाल्या, आता बूच काढा. बोलावलेलं पाणी दिवाळीच्या अंघोळीत संपवायचं आणि वाटेला लावायचं असतं, साठवून ठेवायचं नसतं. मी त्यांना माझं पिंप दाखवलं.

"अक्का, हे पाणी आता कुठं जाणार नाही," मी छाती काढून सांगितलं. "हे इथंच फिरणार."

शांतक्कांनी ते पिंप बोटानं वाजवून बघितलं. नंतर मंगलाला कानडीत भरभर काहीतरी बोलल्या. मला कानडी उत्तम येतं. त्या म्हणाल्या होत्या, तुझा नवरा शहाणा आहे पण त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. मी न समजल्यासारखं करून चकली खाल्ली.

दर रविवारी पिंप उघडून वाळू धुणं हा माझा नेम झाला. पहिल्या रविवारी तेल आणि उटणं निघालं, ते धरून चाललो होतो. दुसऱ्या खेपेला केस निघाले. काळेभोर, ओढत गेलो तर माझ्या दोन्ही हातांत मावेनात इतके लांब. मंगलाचे केस तेव्हा पांढरे होऊन खांद्याच्या वरच राहिले होते. मी ते कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकले आणि मनाची समजूत घातली की वाळूबरोबर आले असतील. पुढच्या खेपेला हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे निघाले. त्यानंतर धारवाडच्या केलगेरी तळ्यात असते तसली लांब शेवाळ, बोटाच्या पेराएवढे शंख, आणि एक जिवंत चांदीच्या रंगाची मासळी. मी वाळू मोजून घातली होती. आता ती दर आठवड्याला वाढत होती, आणि वाढलेली वाळू माझ्या वाळूच्या रंगाची नव्हती.

ही गोष्ट मी शांतक्कांचे यजमान वादिराज यांच्या कानावर घातली. वादिराज म्हणजे निवृत्त ओव्हरसियर. पाण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका सल्ला देणारा माणूस हुबळी-धारवाड दोन्ही शहरांत नव्हता. त्यांनी आधी तुरटी फिरवायला सांगितली. त्यानं पाण्याला काही झालं नाही, फक्त माझे हात आवळून आले. मग ब्लीचिंग पावडर झाली. त्या दिवशी सगळ्या गल्लीला दवाखान्याचा वास आला आणि समोरच्या घरचे मला भेटायला मोसंबी घेऊन आले. मग ते म्हणाले पोटॅशियम परमँगनेट टाका. ते जरा जास्त पडलं आणि मंगलाचे पाय कंबरेपर्यंत जांभळे झाले. ती मला काही बोलली नाही, नुसती पायांकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. बोलली असती तर बरं वाटलं असतं. एवढं करून पाणी संध्याकाळपर्यंत आपोआप पूर्ववत झालं, आणि पिंपापाशी शिकेकाईचा मंद वास येऊ लागला. आमच्या घरात साबण होता.

शेवटी वादिराज म्हणाले, जुन्या विहिरींत कासव सोडायचे, ते सगळी घाण खातं. मी ओळखीपाळखीनं एक कासव मिळवलं. ते हौदात सोडलं तसं तळाला गेलं, तिथं क्षणभर थांबलं, आणि कासवाच्या मानानं फारच घाईनं पायरी चढून वर आलं. न्हाणीतून स्वयंपाकघर, तिथून पडवी, पडवीतून फाटक असं ते सरळ रस्त्यावर गेलं. मी त्याच्यामागून चालत होतो. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. वादिराज कुंपणापाशी उभे होते, त्यांनीही ते जाताना बघितलं, आणि त्यानंतर त्यांनी मला पाण्याबद्दल सल्ला देणं बंद केलं.

एक मात्र सांगायला हवं. मंगलाचे गुडघे सुधारत होते. आधी ती भिंत सोडून चालू लागली, मग ओट्याशी उभं राहून भाकरी करू लागली. त्यामुळं पिंपातून काय निघतं याकडं मी काणाडोळा करायचं ठरवलं. गुण येतोय ना, मग बाकीच्या चौकशा कशाला, असा मी व्यापारी हिशेब केला.

पण चौकशी घरी चालून आली. कुणीतरी पाणीखात्याकडं तक्रार केली होती. तिथला एक माणूस येऊन बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन गेला आणि पुढं मला नोटीस आली की सदरहू पाणी नळाचं नसून जिवंत झऱ्याचं आहे, सबब आपण राहत्या जागेत विना परवानगी विहीर खोदली आहे. मी कचेरीत जाऊन सांगितलं की तो हौद आहे. ते म्हणाले, हौदाला वेगळा अर्ज. मी हौदाचा अर्ज केला. ते म्हणाले, विहीर असताना हौदाचा अर्ज कसा चालेल, आधी विहीर नाही असा दाखला आणा. असला दाखला देणारं खातं हुबळीत नाही असं चौकशीअंती कळलं. शेवटी एका इन्स्पेक्टरनं येऊन खोली मोजायचं ठरलं.

ते भरदुपारी आले. धिप्पाड गृहस्थ, मोठ्या मिशा, हातात वजन लावलेली टेप. मी त्यांना अभिमानानं आत नेलं. हौदाचा तळ स्वच्छ दिसत होता, फरशांमधल्या सांध्यांसकट. त्यांनी वजन पाण्यात सोडलं. ते खाली गेलं. आम्ही दोघंही ते तळाला टेकायची वाट बघत होतो आणि टेप त्यांच्या हातातून सुटत होती. ती सुटतच राहिली. तळ तिथंच, डोळ्यांसमोर, कंबरेइतक्या खोलीवर दिसत होता आणि वजन त्यातून खाली गेलेलं कुठं दिसत नव्हतं. टेप संपली. तिचं टोक त्यांच्या मुठीत उरलं आणि खालून कुणीतरी त्याला एक हलका हिसका दिला, लहान मूल पदराला देतं तसा.

इन्स्पेक्टरांनी टेप वर ओढून घेतली. त्यांनी ती रुमालानं पुसली, नीट गुंडाळली आणि कागदावर खोली तीन फूट असं लिहिलं. मी चहाचा आग्रह केला. ते म्हणाले, या घरचं पाणी नको. कागद मात्र पुढं कुठं गेला कोण जाणे, विहिरीची नोटीस काही रद्द झाली नाही.

त्या दिवसापासून मी दुकानातून लवकर घरी येऊ लागलो. अशाच एका दुपारी फाटकातून आत शिरतो तर न्हाणीतून मंगलाच्या हसण्याचा आवाज. त्या हसण्याला दुसरं एक हसणं जोडलेलं होतं, बारीक, घशातल्या घशात. मला वाटलं शांतक्का आल्या असाव्यात. तेवढ्यात शांतक्कांनीच मला मागून हाक मारली. त्या माझ्यामागं उभ्या होत्या, हातात सांडगी मिरच्यांचा डबा. आतून बांगड्या वाजल्या. शांतक्कांनी डबा माझ्या हातात दिला आणि आत न येता परत गेल्या.

मंगला न्हाऊन बाहेर आली तेव्हा मी तिला विचारलं, आत कोण होतं. मला वाटलं होतं ती दचकेल. ती पदरानं केस पुसत म्हणाली, एक बाई असते, गुडघे फार छान चेपते. मी विचारलं कधीपासून. ती म्हणाली, दिवाळीपासून. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठं, तुम्ही पिंपात होता. घरच्या कर्त्या पुरुषाला न कळवता इतके महिने घरात परकी बाई राहते, याचा मला राग यायला हवा होता. पण माझे पाय थरथरत होते आणि थरथरत्या पायांवर राग नीट उभा राहत नाही.

"दिसायला कशी आहे?" मी विचारलं.

"पाण्यात बघितलं तर दिसते," मंगला म्हणाली. "मान वळवून बघितलं तर नाही. गोड आहे हो. पण अलीकडं रडते."

"का?"

"तिला जायचंय. बोलावलं म्हणून एका दिवसासाठी आली होती ती. जायला निघाली की तुमच्या त्या पिंपात शिरते, वाळूतून वाट काढते, आणि बाहेर पडते ती परत आपल्या न्हाणीतच. कोळशानं सगळं लुगडं काळं झालंय तिचं."

मी खाली बसलो. ज्या फिल्टरचं कौतुक ऐकवायला मी पोस्टमनलासुद्धा सोडलं नव्हतं, तो दाराला घातलेली कडी निघाला होता. मंगलानं मग हळूच विचारलं की तिला जाऊ द्यायचं का. हे विचारताना तिचा हात गुडघ्यावर होता. तिला काय वाटत होतं ते मला स्वच्छ दिसलं. ती बाई गेली तर गुडघ्यांचा गुण टिकेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. मलाही नव्हती. मी म्हणालो, थोडं थांबू, पूर्ण बरी हो. मला माझी बायको चालायला हवी होती आणि त्यापुढं मला दुसऱ्या कुणाचं रडणं ऐकायचं नव्हतं.

मग पाणी बाहेर पडायची वाट शोधू लागलं. आधी घरातली पालथी घातलेली भांडी सुलटी केली की त्यात बोटभर पाणी निघायचं. मग देव्हाऱ्यातलं पळी-पंचपात्र, माझा चष्म्याचा डबा, कोनाड्यातले बूट. एका सकाळी मी दुकान उघडलं तर फळीवरचा प्रत्येक डबा, प्रत्येक तांब्या, प्रत्येक घागर काठोकाठ भरलेली. झाकण लावलेलीसुद्धा. रस्त्यावर बाजार गजबजला होता आणि आत सगळ्या दुकानभर तेच एक वलय, प्रत्येक भांड्यात, मधून कडेला जात होतं. एका गिऱ्हाइकानं कुकरचं झाकण उघडलं आणि माझ्याकडं न बघता ते परत लावलं. कुकरमध्ये कुणीतरी हुंदका देत असल्यासारखा बारीक आवाज येत होता. मी शटर ओढलं आणि घरी आलो.

मंगला न्हाणीच्या दारात बसली होती. तिनं ताट तयारच केलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. शांतक्का शेजारी उभ्या होत्या.

"माझे गुडघे माझे मी बघीन," मंगला म्हणाली. "रडत्या बाईकडून सेवा घेतलेली मला पचायची नाही."

"पोरगीला धाडायचं असतं की हो अण्णा," शांतक्का म्हणाल्या. "ओटी भरून धाडा. तुम्ही नुसतं दाराला कुलूप घातलंय."

मंगलानं पायरीवर बसून पाण्याची ओटी भरली. तिचे ओठ हलत होते, पण ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी पंपाची नळी काढली आणि हात घालून बूच उपटलं. माझ्या मनगटाला गार बोटं लागली, घाईघाईनं, गर्दीत चुकून लागावीत तशी. पाणी मोरीतून परसात, परसातून गल्लीत गेलं. कंबरभर हौदातलं पाणी किती, पण ते जातच राहिलं. आमच्यापासून रस्ता उणकल तळ्याकडं चढत जातो. पाणी चढावर गेलं. वादिराज कुंपणापाशी उभे राहून बघत होते. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले की लेव्हल घ्यायला कुणाची तरी चूक झालेली दिसते, आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या.

आपल्याकडं सासरी निघालेल्या मुलीबरोबर थोडं चालत जायची पद्धत आहे. मंगला ताट घेऊन त्या पाण्याच्या कडेनं चालू लागली. मी तिच्या मागून होतो. घराघरांतून बायका दारात आल्या, काहींनी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मंगला ओल्या रस्त्यावरून चालत होती आणि तिच्या शेजारी, जिथं कुणी नव्हतं तिथं, पाण्यात पावलं पडल्यासारखे थेंब उडत होते. वळणापाशी ती थांबली. पाणी पुढं गेलं आणि दिसेनासं झालं. मंगला तिथंच उभी राहून खूप रडली, सख्ख्या बहिणीला पोचवून आल्यासारखी. ती इतकी लांब भिंतीशिवाय चालत आली होती, हे आम्हां दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. परतताना मात्र तिला माझा खांदा लागला, आणि घरापाशी येईपर्यंत ती ओठ आवळून चालत होती.

घरी येऊन ती पडवीत सतरंजीवर पाय पसरून बसली. गुडघे टरारून सुजले होते. मला तो डॉक्टरांचा हळू आवाज आठवला. मी विचारलं, आता काय करायचं. मला वाटलं होतं ती म्हणेल, दुसरा हौद, दुसरं पिंप. मी मनातल्या मनात वाळू मोजूही लागलो होतो.

"तिनं सांगितलंय काय करायचं ते," मंगला म्हणाली. "रोज चेपायचे. आणि ते तुम्ही चेपायचे."

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या गुडघ्यांसाठी हौद बांधला, बंब बसवला, पंप आणला, आणि त्यांना हात काही लावला नव्हता. मी बसलो. तेल घेतलं. कुठं धरायचं तेही मला कळेना. मी आपला अंगठा गुडघ्याच्या वाटीच्या वर दाबला, तशी ती कळवळली. मी घाबरून हात सैल सोडला.

तेवढ्यात माझा अंगठा कुणीतरी धरला. गार, ओल्या बोटांनी अगदी अलगद उचलला आणि वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला नेऊन टेकवला. मग वरून थोडा दाब दिला, एवढंच दाबायचं हे कळावं म्हणून.

"हां, तिथंच," मंगला डोळे मिटून म्हणाली. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

मी वळून बघितलं नाही. पाहुणी निघाली म्हणून काय झालं, दारात उभं राहून राहिलेले चार शब्द बोलायला वेळ लागतोच. मी दाबत राहिलो, आणि काही वेळानं माझ्या अंगठ्यावरचा गार ओलावा सुकला.